सकाळची गोळी घ्यायची की नाही? : एका नियमाचा इतिहास

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. धाटावच्या एमआयडीसीत रसायनांच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केली, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि मुंबईत ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री साडेनऊला त्यांचा मला फोन.

“काय गं, सकाळची बीपीची गोळी घेऊ का नको? इथली सिस्टर म्हणते घेऊ नका. आपले रोह्याचे डॉक्टर म्हणतात, बीपीची गोळी कधी चुकवायची नाही. तू सांग. तू डॉक्टर होणारेस ना?”

मी होणार आहे ती इतिहासातली डॉक्टर. वैद्यकाच्या इतिहासावर पीएचडी करतेय, हे घरात दहा वेळा सांगून झालंय. पण त्या रात्री मला ते पुन्हा सांगावंसं वाटलं नाही. कारण उत्तर मला येत होतं! प्रबंधाच्या एका प्रकरणासाठी नुकताच १९७१ चा एक प्रसिद्ध शोधनिबंध वाचला होता. मी ठामपणे म्हणाले, “घ्या अण्णा. एक घोट पाण्याबरोबर घ्या. बीपीची गोळी थांबवायची नसते.”

अण्णांनी पहाटे पिशवीतली पट्टी काढली आणि गोळी घेतली. भूल दिल्यावर थोड्याच वेळात त्यांचा रक्तदाब घसरला. पोट उघडून आतडी हाताळायला लागल्यावर पुन्हा घसरला. पुढचे काही तास नॉरअ‍ॅड्रेनालिनचा पंप लावून तो धरून ठेवावा लागला. अण्णा वाचले, नवव्या दिवशी घरी आले. पण दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, “गोळी घ्यायला कोणी सांगितलं होतं?” तेव्हा अण्णा म्हणाले, “कोणी नाही. सवयीनं घेतली मीच.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आजतागायत घेतलेलं नाही.

हा लेख त्या गोळीबद्दल आहे. म्हणजे, “ऑपरेशनच्या आधी रक्तदाबाचं औषध थांबवायचं का?” या प्रश्नाबद्दल. हा प्रश्न सत्तर वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झालेल्या एका संशोधनातून होते. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर ही गोष्ट माहीत असायला हवी. पुरावा कशाला म्हणायचं, हे मला पद्धतीशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या गोष्टीनं जास्त शिकवलं.

पोट उघडलं की रक्तदाबाचं काय होतं?

आधी थोडं शरीराचं गणित. रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो : हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं, आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. भुलीची औषधं दोन्हींवर परिणाम करतात. वाहिन्या सैल पडतात, हृदयाचा जोरही थोडा कमी होतो.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यात आणखी भर पडते. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो, पोट साफ करायचं औषध दिलेलं असेल तर अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं. आतडी, यकृत, प्लीहा या भागांत शरीरातलं साधारण पाव हिस्सा रक्त साठलेलं असतं. एरवी उभं राहिलं किंवा रक्तस्राव झाला की आपल्या नसा तिथल्या शिरा आवळतात आणि ते राखीव रक्त हृदयाकडे पाठवतात. भुलीत नेमकी हीच आवळण्याची क्रिया मंदावते. शिवाय सर्जनने आतडी बाजूला घेतली, त्यांना धरून ठेवणारा पडदा ताणला गेला, की तिथून वाहिन्या रुंदावणारी द्रव्यं रक्तात सुटतात. चेहरा लाल होतो आणि दाब खाली येतो. रक्तस्राव झाला तर तो वेगळाच.

भूलतज्ज्ञ हे सगळं सलाईन, वाहिन्या आवळणारी औषधं आणि भुलीची मात्रा यांच्या आधारावर सांभाळतात. पण सांभाळायचं तर आधी मोजायला हवं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं उपकरण इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये तयार केलं. अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग यांनी ते १९०१ मध्ये पाव्हिया इथं पाहिलं आणि बाल्टिमोरला नेलं. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपनं आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब मोजायची रीत सांगितली. तेव्हापासून ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब हा आकडा झाला.

मोजता येत होतं, पण वाढलेला दाब कमी कसा करायचा हे मात्र माहीत नव्हतं. गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदींत २६ ऑक्टोबर १९३७ चा आकडा आहे : १९४/१३०. आज असा आकडा दिसला तर तातडीनं औषध सुरू होईल. तेव्हा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि त्या हिवाळ्यात गांधीजी जुहूच्या समुद्रकिनारी येऊन राहिले.

मुंबई, १९४९

सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात जुनीच. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. पण जगानं दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या कामाची. वकील केईएम रुग्णालयात हृदयविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्क्यांचा खालचा दाब उतरला होता.

तो निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेच्या मुळातून रेसर्पिन वेगळं केलं. दोन-तीन वर्षांत ते जगभर पोचलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ मध्ये पद्मभूषण. भारतात तर रेसर्पिन असलेली अ‍ॅडेल्फेन ही गोळी पुढे कित्येक वर्षं घरोघरी होती. तुमच्या आजीला विचारा, नाव आठवेल.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडे अभिमानानं सांगितली जाते आणि बहुतेक वेळा इथंच संपते. पण संशोधनाच्या दृष्टीनं खरी मजा पुढे आहे. लाखो लोक रेसर्पिन घ्यायला लागले म्हणजे त्यातल्या काहींवर ऑपरेशनची वेळ येणारच. इतिहासात पहिल्यांदाच रक्तदाबाचं औषध चालू असलेली माणसं मोठ्या संख्येनं भुलीच्या टेबलावर येऊ लागली.

दोन आठवड्यांचा नियम

१९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कोकली आणि सहकाऱ्यांचा दोन पानी अहवाल आला. सर्पगंधेची औषधं घेणाऱ्या रुग्णांचा रक्तदाब भुलीत धोकादायक रीतीनं कोसळतो, असं त्यांनी नोंदवलं. सल्ला असा की नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी औषध बंद करावं.

हा नियम झपाट्यानं पसरला. का पसरला, हे नीट बघा, कारण कारणं चांगली होती. त्याच सुमारास रेसर्पिन नेमकं काय करतं हे कळू लागलं होतं. आपल्या नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठा असतो. शरीराला दाब वाढवायचा असला की नसा तो साठा सोडतात आणि वाहिन्या आवळतात. रेसर्पिन हा साठाच रिकामा करतं, आणि तो पुन्हा भरायला बरेच दिवस लागतात. १९५८ मध्ये बर्न आणि रँड यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की रेसर्पिन दिल्यावर एफेड्रिनसारखी औषधं दाब वाढवू शकत नाहीत. एफेड्रिन मुख्यतः साठ्यातलंच नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर काढतं. टाकीच कोरडी असेल तर नळ कितीही फिरवा, पाणी येणार कुठून? बाहेरून नॉरअ‍ॅड्रेनालिन दिलं तर मात्र दाब वाढतो.

म्हणजे अनुभव होता, प्रयोगशाळेतलं स्पष्टीकरण होतं, आणि ऑपरेशन टेबलावर माणूस मरण्याची भीती होती. या तीन गोष्टी एकत्र आल्या की नियमाला कोणी प्रश्न विचारत नाही.

चार चौकोन

आता तुम्ही वाचक म्हणून थांबा. कागद घ्या आणि चार चौकोन काढा. वरच्या ओळीत ‘औषध चालू’, खालच्या ओळीत ‘औषध नाही’. डाव्या बाजूला ‘दाब कोसळला’, उजव्या बाजूला ‘दाब टिकला’.

असा नियम अनुभवातून तयार होतो तेव्हा लक्षात राहतो तो एकच चौकोन : औषध चालू, दाब कोसळला. औषध चालू असून ज्यांना काहीच झालं नाही, त्यांची बातमी कुठेच होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, औषध न घेणाऱ्या पण तितकाच रक्तदाब असणाऱ्या रुग्णांचं भुलीत काय होतं? तो चौकोन कोणी भरला होता का?

रेसर्पिन घेणारा माणूस म्हणजे मुळात उच्च रक्तदाबाचा माणूस. त्याच्या वाहिन्या कडक, हृदयावर ताण, बहुतेक वेळा वयही जास्त. त्याचा दाब भुलीत घसरला तर दोष औषधाचा की ज्या आजारासाठी औषध सुरू होतं त्याचा? एकाच चौकोनाकडे पाहून हे कधीच कळणार नाही.

या नियमाची किंमतही होती. आतड्याला पीळ पडलेला किंवा अल्सरमधून रक्त जाणारा रुग्ण दोन आठवडे थांबू शकत नाही. थांबू शकणाऱ्याचं औषध बंद केलं तर त्याचा दाब पुन्हा चढतो, आणि त्याच चढलेल्या दाबानं तो टेबलावर येतो.

उरलेले चौकोन भरायला सुरुवात झाली १९६० नंतर. १९६२ मध्ये मन्सन आणि जेनिसेक यांनी, १९६४ मध्ये कॅट्झ, वाइनट्रॉब आणि पॅपर यांनी सर्पगंधेची औषधं चालू ठेवलेल्या रुग्णांच्या भुलीची नोंद मांडली. औषध चालू असलेल्यांत धोका वाढलेला दिसेना, आणि दाब घसरला तरी तो योग्य औषधांनी सांभाळता येत होता. मग १९७१ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रिस-रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी उपचार घेणारे आणि उपचार न घेणारे असे उच्च रक्तदाबाचे दोन्ही प्रकारचे रुग्ण शेजारी शेजारी ठेवले. भुलीत जास्त घसरण झाली ती उपचार न घेणाऱ्यांची! काहींच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणाही दिसल्या. निष्कर्ष नेमका उलटा निघाला : औषधं थांबवू नका, ऑपरेशनपर्यंत चालू ठेवा.

हाच तो निबंध, जो वाचून मी अण्णांना “घ्या” म्हणाले होते.

नवी गोळी, जुना प्रश्न

माझी गफलत कुठे झाली ते आता सांगते. १९७१ च्या निबंधातली औषधं वेगळी होती. अण्णांची गोळी होती टेल्मिसार्टन. शरीराकडे दाब टिकवायच्या अनेक वाटा आहेत. एक नसांची, दुसरी मूत्रपिंडातून सुरू होणारी, अँजिओटेन्सिनची. भूल पहिली वाट मंद करते. टेल्मिसार्टन दुसरी अडवतं. दोन्ही एकाच वेळी अडल्या तर पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत दाब घसरायची शक्यता वाढते. ही औषधं आली तेव्हा १९५६ चा प्रश्न जसाच्या तसा परत आला : थांबवायची की चालू ठेवायची?

फरक इतकाच की या वेळी चारही चौकोन मुद्दाम आखून भरले गेले. फ्रान्समधल्या ४० रुग्णालयांत २,२२२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटानं अँजिओटेन्सिनची वाट अडवणारी औषधं शस्त्रक्रियेच्या ४८ तास आधी थांबवली, दुसऱ्यानं चालू ठेवली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. ऑपरेशनच्या वेळी दाब घसरण्याचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांत ५४ टक्के, थांबवणाऱ्यांत ४१ टक्के. पण २८ दिवसांत मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत किती जणांना झाली? दोन्ही गटांत २२ टक्के.

याच्या आधी, २०२३ मध्ये, २२ देशांतल्या ७,४९० रुग्णांवरचा असाच अभ्यास आला होता. त्यात एका गटात दाब घसरू नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी तो थोडा वर राखायचा आणि आधीची औषधं आवरती घ्यायची, दुसऱ्या गटात औषधं चालू ठेवायची, अशी तुलना होती. हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत १३.९ टक्के विरुद्ध १४.० टक्के.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगते. म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही तर! पण लगेच लक्षात आलं की हेही चूकच. आणि आपण संशोधक म्हणून ज्या चुका करतो, त्यातली ही सगळ्यात गोड चूक.

माझा एक चौकोन

ऑपरेशननंतर कित्येक महिने मी स्वतःला सांगत होते, “गोळी घेतली म्हणून दाब कोसळला.” ते म्हणजे थेट १९५६ चा तर्क. एक रुग्ण, एक चौकोन. थांबवणाऱ्यांतही ४१ टक्क्यांचा दाब घसरलाच ना? कदाचित अण्णांचाही घसरला असता. शिवाय टेल्मिसार्टनचा परिणाम दिवसभर टिकतो. नुसती सकाळची गोळी टाळून आदल्या दिवशीची अंगातून गेली नसती. पण आकडे सरासरी सांगतात, एका माणसाचं सांगत नाहीत. गोळी घेतली नसती तर काय झालं असतं, हे अण्णांच्या बाबतीत मला कधीच कळणार नाही. माझा दोष या अभ्यासातून सिद्ध होत नाही आणि पुसलाही जात नाही.

जी चूक पुसली जात नाही ती वेगळी आहे. अण्णांनी विचारलं तेव्हा मी एकही प्रश्न उलट विचारला नाही. कुठली गोळी? किती दिवसांपासून? भूलतज्ज्ञ काय म्हणाले? सिस्टर म्हणाल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून? मी एका निबंधाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलं. माझं एकमेव बरोबर उत्तर होतं : “अण्णा, हे भूलतज्ज्ञांना विचारा, आत्ता विचारा. वाटल्यास फोन त्यांच्याकडे द्या.” हा लेख वाचून तुमच्या घरच्यांना गोळी घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार असाल, तर तुम्हीही तीच चूक करताय. काही गोळ्या एकदम थांबवणंच धोक्याचं असतं. ते ठरवणारी व्यक्ती ऑपरेशन थिएटरमध्ये असते, प्रबंध लिहीत नसते.

संशोधन सुरू करणाऱ्या तुमच्यासाठी मला यातून तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक, कुठलाही नियम वाचलात की त्याचा कोणता चौकोन भरलेला नाही ते शोधा. बऱ्याचदा प्रबंधाचा विषय त्या रिकाम्या चौकोनातच असतो.

दोन, ‘का होतं’ हे समजलं म्हणजे ‘काय करावं’ हे समजलं असं नाही. रेसर्पिन साठा रिकामा करतं हे खरंच होतं. बर्न आणि रँड चुकले नव्हते. त्यावरून काढलेला दोन आठवड्यांचा नियम मात्र टिकला नाही.

तीन, मॉनिटरवरचा आकडा आणि माणसाचं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५४ आणि ४१ मधला फरक खरा आहे. २२ आणि २२ मधलं साम्यही खरं आहे. तुमच्या अभ्यासात तुम्ही यांतलं काय मोजणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

वकिलांचं काम यानं लहान होत नाही. ५० रुग्णांच्या नीट नोंदी ठेवून त्यांनी जगासमोर एक औषध ठेवलं, आणि त्या औषधानं भूलशास्त्राला एक असा प्रश्न दिला की तो सोडवताना पुराव्याची पद्धतच घडत गेली. केईएमच्या एका निबंधाचं हे शेपूट इतकं लांब आहे.

गेल्या महिन्यात धाटावला गेले होते. संध्याकाळी अण्णांबरोबर कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत गेलो. परत आल्यावर त्यांनी गोळ्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. “बघ गं, नवीन दिलीय. ही कसली?” मी पट्टी हातात घेतली, नाव वाचलं, आणि पहिल्यांदा विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले, अण्णा?”